कडी काढलेला रुपया

जुन्या नाण्यांच्या बाबतीत आमच्या कर्जतमध्ये वाल्मिककाकांचा शब्द शेवटचा. साजगावच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर तीच नजर चांदीच्या रुपयांवर जाऊन बसली. मुंबईच्या लिलावात नाणी घ्यायची, झीज बघायची, कडा बघायची, मग किंमत सांगायची. घरात मात्र नाण्यांना कुणी हात लावायचा नाही, छायाकाकूने तर मुळीच नाही. "तुला त्यातलं काय कळतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांचा सख्खा पुतण्या, पण ते ऐकून मला दर वेळी राग यायचा.

गेल्या महिन्यात त्यांनी लिलावातून अठरा हजारांना एक राणीछाप रुपया आणला. नाणी जमवणारा नेरळचा साईनाथ तो बावीस हजारांना घेणार होता, काकांच्या नुसत्या शब्दावर. सहा वर्षं तो असाच घेत आला होता.

तो यायच्या आदल्या दिवशी टेबल पुसताना काकूने नाणं उचललं आणि राणीच्या डोक्यावरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"अवो, ह्याला कडी होती. माळंतला रुपया हाय ह्यो. आजीच्या गळ्यातल्या माळंशी खेळत वाढले मी. हाताला कळतं."

काका हसले. मग त्यांनी भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कडी काढून तिच्या जोडाचा डाग घासून टाकला होता. असं नाणं संग्राहकाच्या लेखी मोडीतलं. त्याला किंमत फक्त चांदीच्या वजनाची.

"साईनाथला नाय कळायचं," काका पुटपुटले.

"त्याला कळत नाय, म्हणूनच तर तो तुमच्याकडं येतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी साईनाथला सगळं सांगितलं, कुणी ओळखलं तेही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. साईनाथने मात्र चहा संपवला आणि तो निघून गेला.

रविवारी तो परत आला, अल्बम घेऊन. काकांच्या शब्दावर घेतलेली एकतीस नाणी त्यात होती. काकांनी हात पुढे केला, पण साईनाथने अल्बम काकूसमोर ठेवला.

"काकू, तुमी बघा."

काकू अवघडून काकांकडे बघायला लागली. काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्यांनीच पहिलं नाणं काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"नीट बघ गं. माझी भीड धरू नको."

तिसऱ्याच नाण्यावर काकूचा अंगठा थांबला.