फळीतले दोन खिळे

यंत्रावरच्या करवतीने सुताराचा डावा पंजा नेला, तेव्हापासून त्याची धाकटी बहीण रोज त्याला जेवणाचा डबा आणायची. आज दारातच तिला ड्रिलची घरघर ऐकू आली. पोळपाटाएवढी फळी मांड्यांत आवळून दादाने तीत दोन भोकं पाडली, त्यांत खिळे ठोकले, फळी उलटवून वर आलेल्या टोकांवर बटाटा बसवला आणि एका हाताने सटासट लांब फोडी पाडल्या.

"दादा, हात देऊ का?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"कशाला? तुझे तुला राहू देत. माझं एकात भागतं."

तेल लावलेल्या फोडी ओव्हनमध्ये गेल्या. चिकनचे तुकडे अंड्यात बुडवून त्याने पावाच्या चुऱ्यात टाकले. चुरा होता तिच्याच कालच्या डब्यात. झाकण दाबून त्याने डबा असा खुळखुळवला, की प्रत्येक तुकडा चुऱ्याने माखला. मग तेही ओव्हनमध्ये.

बहिणीने पहिला कुरकुरीत तुकडा नाक मुरडत खाल्ला. पुढचे तीन मुकाट्याने.

"उद्या डबा आणू ना?" तिने दबकत विचारलं.

"आण की. पण रिकामा आण. भरून मी देईन."