पाणी जातंय कुठे

त्या हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे तीन महिने राहायला आले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी एकटं राहू नये असं सगळ्या नातेवाइकांचं मत होतं. ते मत मांडून नातेवाईक आपापल्या घरी गेले आणि बाबा हॅनोव्हरला आले.

नवरा र्युसेल्सहाइमला नोकरीला आहे. सोमवारी पहाटे जातो, गुरुवारी रात्री येतो. म्हणजे आठवड्यातले चार दिवस घरात मी आणि बाबा. मी वरच्या मजल्यावर होम ऑफिस करायची, ते हॉलमध्ये बसायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं एकटे असे कधी बसलोच नव्हतो. मधे नेहमी सासूबाई असायच्या आणि दोन्ही बाजूंचं त्याच बोलायच्या. आता जेवताना मी विचारायची, "बाबा, भाजी वाढू?" ते म्हणायचे, "थोडी." मग पोळीचा आवाज.

बाबा एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. छत्तीस वर्षं. हे मला माहीत होतं, पण घरातल्या मोठ्यांबद्दल आपल्याला बऱ्याच गोष्टी माहीत असतात, त्यातलीच ही एक.

आमच्या हायत्सुंगचं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचं, दुखणं त्यांच्या येण्याच्या आधीपासूनचं. घर घेतल्यावर पहिल्याच थंडीत लक्षात आलं की केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, बॉयलरचा प्रेशरचा काटा खाली येतो. दीड बारवर ठेवला तरी आठवड्याभरात अर्ध्यावर. मग मी खाली जायची, नळाला पाइप जोडायची, काटा दीडवर आला की नळ बंद करायची. दर रविवारी. काही लोक रविवारी चर्चला जातात.

पाणी भरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, एवढं मलाही कळत होतं. मी घरातल्या अकराही रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर ठेवले. दोन दिवसांनी अकराही कोरडे. मोबाइलच्या टॉर्चने केलरचं छत बघितलं. तिथे एक जुना कोळी सोडून काही नव्हतं. शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्या कुंपणावर हात ठेवून म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. पाइप जमिनीखाली फुटलाय. कोपऱ्यावरच्या घरात असंच झालं होतं. सगळी फरशी उखडली त्यांनी. दोन महिने हॉटेलात होते बिचारे." हे सांगताना त्या बऱ्याच ताज्यातवान्या दिसत होत्या.

नवरा फोनवर म्हणाला, "गूगल केलंस का?"

मी गळती शोधणाऱ्या एका कंपनीला फोन केला. ते म्हणाले, यंत्र लावून बघू, पण फरशी फोडायची मनाची तयारी ठेवा. त्यांचा महिन्याभरानंतरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेऊन ठेवला. हायत्सुंगवाल्याचा तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. तोपर्यंत रविवारचं पाणी चालू ठेवायचं ठरलं.

मग एका शनिवारी सकाळी बाबा नाश्त्याला माकडटोपी घालून आले. अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट. नवरा पेपर वाचत होता, त्याला काही वेगळं दिसलं नाही. मी विचारलं, "बाबा, बरं नाही का?"

"बरं आहे. हवा छान आहे."

बाहेर उणे चार होतं. मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांना आम्ही छपराखालची खोली दिली होती, कारण ती सगळ्यात शांत. रेडिएटरला हात लावला. ओट्याच्या दगडासारखा गार.

खाली येऊन मी विचारलं, "अहो बाबा, तुमचा हीटर बंद आहे. कधीपासून?"

"आल्यापासून. पण कायम नाही. तू रविवारी पाणी भरतेस ना, मग दोन-तीन दिवस गरम असतो. मग पाणी वरपर्यंत चढत नाही."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "बाबा, सांगायचं ना!"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि चहा घेतला.

मला फार लाज वाटली. पाच आठवडे. अर्ध्यापेक्षा जास्त रात्री हा माणूस टोपी घालून झोपत होता आणि सकाळी मी त्यांना विचारत होते, झोप लागली का नीट, आणि ते म्हणत होते, लागली. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जरा खाली येऊन बघता का?"

ते लगेच उठले. चहा अर्धा राहिला.

केलरमध्ये त्यांनी बॉयलरसमोर उभं राहून आधी खिशातून चष्मा काढला. आमचा बॉयलर म्हणजे भिंतीवरचं एक पांढरं कपाट. त्याच्या शेजारी भिंतीला एक लाल गोल टाकी, कलिंगडाच्या दुप्पट. मी ती दोन वर्षं बघत होते आणि ती काय आहे हे मला माहीत नव्हतं.

"पाणी भर," ते म्हणाले. मी काटा दीडवर आणला. "आता पूर्ण पेटव." मी तापमान वाढवलं. "आता थांब."

आम्ही दोन स्टुलांवर बसलो. कपडे वाळत घातलेले होते, त्यांच्या मधून काटा दिसत होता. काटा चढायला लागला. दोन. सव्वादोन. पावणेतीन. बाबांनी कोपऱ्यातली दह्याची रिकामी प्लास्टिकची बादली उचलली. टर्किश दुकानातून मी मोठी बादली आणते, ती. बॉयलरखालून एक बारीक नळी निघून ड्रेनेजच्या नरसाळ्यात जात होती. त्यांनी ती बादली नळीच्या तोंडाखाली धरली. काटा तीनवर गेला, टक असा आवाज झाला आणि बादलीत पाण्याची धार लागली.

"हे बघ तुझं पाणी," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जागा हवी, म्हणून ती लाल टाकी. तिच्यात मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा हवेच्या बाजूला दबतो. पडदा फाटला की टाकी नुसती पाण्याने भरते. जागा संपली. मग प्रेशर वाढतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी गटारात सोडतो. गार झालं की तेवढं पाणी कमी, म्हणून काटा खाली. "फरशी उखडायची काही गरज नाही," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. टाकी बदलायची."

"बाबा, तुम्ही दहा मिनिटांत शोधलंत!"

"दहा मिनिटांत नाही. आलो त्या आठवड्यात. कपडे वाळत घालायला आलो होतो, तेव्हा नळी ओली दिसली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

मी वर आले आणि ओटा घासायला घेतला. स्वच्छ होता, तरी घासला. शेजारच्या बाईंना विचारलं, कंपनीला विचारलं, इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसालाही विचारलं होतं. पण मी विचारलं नाही म्हणून या माणसाने थंडीत कुडकुडत बसावं? राग नक्की कुणाचा आला होता, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बादली हातातच होती.

"ही सांगायची, तुझी सासू," ते म्हणाले. "सुनेच्या घरी गेल्या गेल्या खोड काढायची नाही. हे गळतंय, ते बिघडलंय, असं म्हणायचं नाही. तिला वाटतं आपल्याला नावं ठेवतायत. आधी महिनाभर गप्प बसायचं."

"महिना तर कधीच झाला, बाबा."

"हो. पण मग सवय झाली."

मी त्यांच्या हातातून बादली घेतली आणि सिंकमध्ये रिकामी केली. पाणी काळपट होतं.

टेर्मिनच्या दिवशी जो हायत्सुंगवाला मेकॅनिक आला तो सहा फूट चार इंच होता आणि फार बोलत नव्हता. काटा बघून म्हणाला, बहुतेक जमिनीखाली गळती. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांचं मत वेगळं आहे. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी लाल टाकीकडे बोट केलं. टाकीच्या खाली सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह होता. मेकॅनिकने टोपण काढून किल्लीच्या टोकाने पिन दाबली. तिथून हवा यायला हवी होती. पाणी आलं, थेट त्याच्या बाहीत.

"आल्झो," तो म्हणाला. "कापुट."

"फाटलं," बाबा म्हणाले.

त्यानंतरचा तासभर मी दुभाषी म्हणून उभी होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. नवी टाकी बसवताना बाबांनी फक्त एकच प्रश्न विचारायला लावला: आत हवेचं प्रेशर किती ठेवणार? मेकॅनिकने एक बोट वर केलं. एक बार. बाबांनी मान हलवली. जुनी टाकी पाण्याने भरलेली, वजनाला मणभर. बाबा एका बाजूने धरायला पुढे झाले. मी "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत मेकॅनिकने ती बाजू त्यांना दिली होती. दोघं जिन्यावरून ती वर घेऊन गेले. जाताना त्याने बाबांशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

मी गळतीवाल्या कंपनीला फोन करून टेर्मिन रद्द केला.

दुपारी जेवताना मी म्हटलं, "बाबा, आता एकदाच सांगून टाका. अजून काही आहे का, जे मी विचारलं नाही?"

त्यांनी बराच विचार केला.

"उपमा," ते म्हणाले.

"उपम्याचं काय?"

"मला आवडत नाही."

नवऱ्याने मला सांगितलं होतं की बाबांना उपमा फार आवडतो. मी आठवड्यातून चार वेळा करत होते, वर काजू घालून. आवड सासूबाईंची होती. घरात व्हायचा म्हणून बाबा खायचे.

"मग काय आवडतं?"

"ब्रेड. इथला तो काळा, जाड असतो ना, तो. लोणी लावून."

मी हसले. तेही थोडे हसले. मग पोळीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिचं पोट चार महिने दुखत होतं. मला म्हणायची, काही नाही, ॲसिडिटी आहे. मीही विचारलं नाही परत. काही नाही म्हणते म्हणजे काही नसेल."

 मी म्हटलं, "बाबा, भाजी वाढू?"

"नको," ते म्हणाले. "मीठ जास्त झालंय."

ते मार्चच्या शेवटी परत गेले. टाकी बदलली त्या दिवसापासून वरची खोली गरम होती. रात्री उकडतं, अशी तक्रार त्यांनी जाईपर्यंत दोनदा केली.