शके बाहत्तरची पट्टी

हरिश्चंद्र गोवर्धने मूळचे नाशिकचे, कुवेतमधल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. फेब्रुवारीत साहेबांनी बोलावून सांगितलं, करार वाढणार नाही, जूनमध्ये देश सोडावा लागेल. बायको शर्मिला इथेच नर्स. तिची नोकरी आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, शाबूत. म्हणून ठरलं, ती आणि मुलगी मुक्ता राहतील, ते एकटे परततील. चौदा वर्षांच्या मुक्ताला मात्र सांगायचं राहूनच जात होतं.

तेव्हापासून त्यांचं बूड एका जागी टेकेना. फरवानियातल्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझारा. त्यातच त्यांनी मराठी मंडळाचं एक काम अंगावर घेतलं: पाडव्याला मुलांना प्राचीन जगातलं एकच वर्ष दाखवायचं. वर्ष निवडलं इसवी सन दीडशे. त्या सुमारास गिरनारजवळचं सुदर्शन तळं वादळी पावसात फुटलं. तिथला शिलालेख सांगतो, वर्ष बाहत्तरावं, म्हणजे शके बाहत्तर, महिना मार्गशीर्ष. रोममध्ये, शहर वसल्यापासून मोजलं तर, ते साल नऊशे तीन. सीरियात चालणाऱ्या ग्रीक गणनेत चारशे एकसष्ट. पण तिथे वर्ष शरदात बदलायचं, म्हणजे तळं फुटेपर्यंत चारशे बासष्ट लागलेलं. एकेका गणनेच्या वर्षाच्या कागदी पट्ट्या एकाखाली एक लावल्या की कडा जुळायच्या नाहीत.

हॉलमध्ये पट्ट्या चिकटवताना मंडळाच्या वीणाताई म्हणाल्या, "सगळ्या पाडव्यालाच सुरू करा ना. दिसायलाही बरं."

"जे झालंच नाही ते कसं दाखवू?"

"अहो भाऊ, जूनमध्ये तर तुम्ही निघालात. कशाला एवढा जीव काढताय?"

चिकटपट्टी धरून मुक्ता शेजारीच उभी होती.

"निघालात म्हणजे? बाबा, व्हेअर आर यू गोइंग?"

वीणाताईंनी जीभ चावली. मुक्ता चिकटपट्टी टाकून खाली पार्किंगमध्ये गेली. हरिश्चंद्र मागोमाग धावले. दोन गाड्यांमध्ये उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

"आईला माहितीये?"

"हो."

"वीणा आंटीला पण?"

त्यांनी मान डोलावली.

"तू मला रोमचं सांगत बसलास, बाबा. आपलं नाही सांगितलंस."

"रोज ठरवायचो गं," एवढंच ते म्हणाले. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "चल वर. ते तळं मी सांगणार."

पाडव्याला पट्ट्या वेड्यावाकड्याच लागल्या. एक टोक सुटलं तेव्हा वीणाताईंनीच ते धरून ठेवलं. मुक्तानं अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत तळं फुटल्याचं सांगितलं. हरिश्चंद्र शेवटच्या रांगेत होते. ते दोनदा उठले, दोनदा बसले.

जूनमध्ये ते नाशिकला पोचले. पहिल्याच मुलाखतीतून बाहेर पडताच त्यांनी फोन लावला.

"मुक्ता, जमलं नाही. आईला सांगायचंय अजून."



"ओके," ती म्हणाली. "जेवलास का?"