सातासमुद्रापार जाणारा डबा

जगात जेवढी म्हणून संकटं आहेत ती सगळी आपल्या लेकीच्या फराळाच्या डब्यावर टपून बसलेली आहेत, अशी माझ्या थोरल्या दिरांची पक्की समजूत होती. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली. कुठली वस्तू कशी मोडेल याचा विचार करण्याचाच पगार त्यांना मिळत असे, आणि निवृत्त झाल्यावर हे काम ते फुकट करू लागले. जाऊबाई गेल्यावर अमेरिकेतल्या सुजाताला दिवाळीचा फराळ कोण पाठवणार, म्हणून मी करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. माझ्या हातच्या फराळाला तूप सुटतं, तूप सुटलं की डबा गळतो आणि गळका डबा विमानात चढू देत नाहीत, अशी त्यांची साखळी होती. मग जे. पी. नगरच्या त्या दोन खोल्यांत ते स्वतःच सोऱ्या घेऊन बसू लागले.

डबा भरला की आधी त्याची परीक्षा. गच्चीवरून तो खाली अंगणात टाकायचा आणि उघडून बघायचा. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्का पहिल्या वर्षी किंचाळत बाहेर आल्या; पुढे दिवाळी जवळ आली की त्या आपण होऊन तुळशीची कुंडी आत घेत. करंज्या ते सुती फडक्याने एकेक पुसून काढत, कारण पिठीसाखरेची पांढरी पूड दिसली तर तिथले कस्टमवाले पोरीलाच धरून नेतील. डबा पांढऱ्या मांजरपाटात शिवायचा तो स्वतःच, शिंप्यावर विश्वास नाही. आणि पोस्टातल्या क्लार्कने तोंड उघडायच्या आत भाऊजी सांगत, "यात काही नाहीये." तो कन्नडमध्ये शांतपणे विचारी की मग रिकामा डबा एवढ्या लांब कशाला पाठवताय, सर? यावर त्यांना घाम फुटे आणि मला मध्ये पडून चकली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागे.

फोनला मात्र ते सगळ्यात जास्त भीत. जाऊबाई गेल्याचं हॉस्पिटलातून फोनवरच कळलं होतं, तेव्हापासून घंटा वाजली की ते दुसऱ्या खोलीत जात. सुजाताही मग माझ्याकडेच फोन करी.

त्या वर्षी सुजाताला दिवस गेले होते. डबा नेहमीपेक्षा आधीच रवाना झाला. नंतर एका संध्याकाळी भाऊजी माझ्याकडे आले तेव्हा मी गरम कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकत होते. कामवालीला मी म्हटलं, साबणाने हात धू आणि मगच कणकेला हात लाव. भाऊजींनी सहज विचारावं तसं विचारलं, "का? पोटात गेल्या तर काय होतं?"

"विषच की ते, भाऊजी."

ते खुर्चीवर बसले. तोंडाचा रंग उडालेला. मागच्या वर्षी डब्यात मुंग्या निघाल्याचं सुजाता बोलून गेली होती, म्हणून यंदा त्यांनी चकल्यांच्या मधोमध कागदाच्या पुड्यांत डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. "तिच्या पोटात बाळ आहे, शैला," एवढंच म्हणाले. एरवी त्यांच्या भीतीवर मी हसत असे. त्या दिवशी हसायला काही सापडेना. आमचा फोन नेमका बंद होता. मी म्हटलं, चपला घाला.

कोपऱ्यावरच्या बूथवाल्याला लाइन मिळेना. "स्वल्प थांबा, अक्का," असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि भाऊजी काचेच्या दाराशी भिंत धरून उभे. शेवटी लाइन लागली. रिसीव्हर मी मुद्दाम त्यांच्याच हातात दिला. डबा मिळाला का, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं. पलीकडून सुजाताचा आवाज मलाही ऐकू आला. "मिळाला, बाबा. खाल्लंसुद्धा. फार छान झालं होतं सगळं."

भाऊजींच्या हातातून रिसीव्हर निसटला. तो लोंबकळता रिसीव्हर मी उचलला आणि म्हटलं, "सुजाता, खरं सांग. बाबांनी त्यात डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या."

ती हळूच म्हणाली, "काकू, कपाट उघडल्यासारखा वास आला गं. तसंच सगळं टाकून दिलं, तोंडातसुद्धा नाही घातलं. बाबांना नको सांगूस, त्यांना वाईट वाटेल."

मी तिथल्या तिथे सांगितलं.

"टाकलं?" भाऊजींनी विचारलं. "सगळं?"

"सगळं. एक कणही खाल्ला नाही."

"देव पावला," ते म्हणाले. आपला फराळ कचऱ्यात गेल्याचं ऐकून एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बूथवाल्याचेसुद्धा त्यांनी दोन्ही हात धरून आभार मानले. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मीही बसले. समोरून बसेस जात होत्या. बसकडेच बघत ते म्हणाले, "या वेळी चकली जमली होती."

मी हो म्हटलं. मला त्यांनी एकही चाखायला दिली नव्हती. डब्यात कमी पडेल अशी भीती वाटली होती त्यांना.