मुका ओढा

श्रीगोंदा तालुक्यातला तो ओढा अजूनही माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

पोलीस ठाण्यात खबर आणली एका मेंढपाळाने. तहानलेली मेंढरंही ओढ्यात उतरत नाहीत, हाकलली तरी माघारी फिरतात, असं त्याचं म्हणणं. गावात म्हणे सगळे जागेला बाधा झाल्याचं बोलत होते. ठाणे अंमलदार हसला. पण जनावर खोटी साक्ष देत नाही, हे मी नोकरीत पाहिलं होतं.

भर दुपारी आम्ही तिथे पोचलो. पाणी होतं, पण बगळा नाही, बेडूक नाही, साधा डासही नाही. मी गाळात पाय टाकून उचलला. त्या ठशात सावकाश काळं पाणी भरत गेलं आणि त्यावर निळे-जांभळे रंग फिरू लागले. सोबतचा हवालदार मागे सरकला.

पंचांसमक्ष गाळाचे नमुने सील केले. प्रयोगशाळेतून आलेल्या मॅडमनी खोलवरची मातीही काढून तपासली. कारखान्यातलं जळकं तेल होतं, बरेच दिवस ओतलेलं. ते झिरपत काठच्या विहिरीपर्यंत पोचलं असावं, असं त्यांनी बजावलं.

चाकांच्या खुणांवरून एक टँकरचालक सापडला, त्याच गावचा. चौकशीत तो ओढ्यात टँकर धुतल्यापलीकडे काही कबूल करेना. शेवटी त्याला जागेवर नेलं. त्याची म्हातारी आई काठच्या वस्तीवर एकटी राहायची. लेकाला पाहून ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"कुठलं पानी हे?" त्याने विचारलं.

"हिरीचं. नळ कवाच बंद पडलाय."

"आये, तू हेच पिती?"

"मग दुसरं कुठलं पिऊ?"

तो तिथेच खाली बसला. नंतर विचारावं लागलं नाही. कुठे कुठे ओतलं, कोणी ओतायला लावलं, सगळं त्याने सांगितलं. मालकालाही अटक झाली. दोषारोपपत्र न्यायालयात गेलं.

पुढे काही महिन्यांनी ती म्हातारी ठाण्यात आली. "सायेब, सगळे धरले. आता हीर प्याजोगी झाली का?"

मी मॅडमना फोन लावला. तेल गाळात मुरलंय, प्रत्येक पावसात थोडं थोडं सुटत राहील, पाणी नितळ दिसलं तरी भरवसा ठेवू नका, असं त्या म्हणाल्या. मी म्हातारीला नाही म्हणून सांगितलं. ती पदर सावरून वस्तीकडे परत निघाली.

खुनाच्या जागेवरून प्रेत हलवलं की जागा पुन्हा साधी जागा होते. इथे आरोपी कोठडीत होते आणि गुन्हा मातीखालून हळूहळू पुढच्या विहिरीकडे सरकत होता.