न पिणाऱ्याची शपथ

ताट पुढ्यात आलं की तो आधी डावा तळहात पुढं करायचा. "वैनी, मीठ." मी चिमूटभर ठेवलं की हात तसाच धरून बसायचा. आणखी एक चिमूट. मग आणखी एक. ते मीठ तो नुसतं चाटायचा, भाकरीच्या आधी, कालवणाच्या आधी. "अहो, चटक लागली की काय तुम्हाला?" असं विचारलं की म्हणायचा, "चटक न्हाय वैनी, जीव मागतोय."

आपण चिंचेसाठी, भज्यांसाठी असं म्हणतो. त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. आम्हाला ते कळायला उशीर झाला आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिल्यानं राग जाईल असं काही नाही, तो जाणारा नाहीच.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारामागं आमची खानावळ होती. नवरा गल्ल्यावर, मी शेगडीपुढं. गिऱ्हाईक बहुतेक आमच्याच मुलखातलं, साताऱ्याकडचे माथाडी. ट्रकमधून गोण्या पाठीवर घ्यायच्या, गाळ्यात नेऊन थप्पी लावायची आणि घामानं निथळत जेवायला यायचं. त्यातल्या एका टोळीत हा होता. गावी तालमीतली माती अंगाला लागलेली, म्हणून सगळा बाजार त्याला पैलवान म्हणायचा. मी भावजी म्हणायची. बायको आणि मुलगी गावी, हा कोपरखैरण्याला गाववाल्यांबरोबर एका खोलीत.

दारूला तो शिवत नसे. तालमीतल्या वस्तादांनी पोरवयात बजावलं होतं, तेवढं त्याला जन्माला पुरलं. पगाराच्या दिवशी टोळी बसायची तेव्हा हा बाजूला दाणे खात राहायचा, आणि बैठक आटोपली की एकेकाला काखेत धरून खोलीवर पोचवायचा. एकानं एकदा ह्याच्या नव्या सदऱ्यावर ओकून ठेवलं. सकाळी ह्यानं सदरा धुतला आणि त्याच माणसाला चहा पाजला. ह्याच्या खांद्याच्या आधारानं खोलीवर गेलेली ही माणसं पुढं कशी वागली, तेच मला सांगायचं आहे.

एका वर्षी हा गडी वाळायला लागला. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. आणि काळा पडत चालला. उन्हानं म्हणावं तर काम सगळं गाळ्याच्या सावलीत. तळहाताच्या रेषा कोळशानं ओढल्यासारख्या, बोटांची पेरं काळी, हसला तर हिरड्यासुद्धा काळपट. जेवून उठला की झोक जायचा, खांब धरून उभा राहायचा. सकाळी उलट्या व्हायच्या. एके काळी गोणी उचलताना गाणं म्हणणारा माणूस रिकाम्या हातानं चालताना धापा टाकायला लागला. खिशात मात्र कायम खारे दाणे, नाहीतर कागदात बांधलेली लोणच्याची फोड.

आता टोळीचं डोकं कसं चाललं बघा. झोकांड्या जातात, सकाळी ओकतो, तोंड काळवंडलंय आणि खिशात खारे दाणे. झालं की!

"बाटलीबिगर खारं कशाला लागतंय मानसाला?" मुकादम म्हणाला. हा टोळीचा म्होरक्या, वयानं वडीलधारा, कपाळाला कायम भंडारा. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, मनापासून शिव्या तरी देता आल्या असत्या.

"अहो मुकादम, दोन्ही वेळा माझ्यासमोर जेवतो तो. मला वास आला नसता?"

"चोरून पिनाऱ्याचा वास येत न्हाय, वैनी. लई बेरकी असत्यात."

घ्या! वास आला तर पितो, आणि नाही आला तर चोरून पितो. ह्यापुढं कुणी काय बोलावं?

पैलवान तक्रार करत नव्हता. एका दवाखान्यात जाऊन आला. तिथल्या डॉक्टरनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. "दारू कमी करा," म्हणाला आणि लिव्हरचं औषध लिहून दिलं. शिकलेल्यांचंही डोकं टोळीच्याच वळणाचं निघालं.

टोळीची एक रीत होती. पिणारा हाताबाहेर गेला की त्याला बाजारातल्या देवळात उभं करायचं, ओंजळीत बेलभंडारा द्यायचा आणि "आजपासनं शिवनार न्हाय" असं देवासमोर म्हणवून घ्यायचं. खोटं कशाला बोलू, ह्या रीतीनं काही घरं सावरली होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पैलवानाला नेलं. परत आला तो तळहात पिवळे आणि चेहऱ्यावर हसू.

"काय गेलं वैनी माजं? न पिनाऱ्यानं न पिन्याची शपथ घ्याची. आन फुकट नारळ मिळाला."

मला हसू आलं नाही. "अहो, पण शपथ घेतलीत म्हणजे आजवर पीत होतो असं कबूल केलंत ना!"

"त्यांचं समाधान झालं. गावाकडची मानसं हायती. रोज तोंडाला तोंड कशाला लावायचं?"

असा माणूस. दुसऱ्याच्या समाधानासाठी स्वतःच्या माथी खोटं लावून घेणारा. मी त्याला त्या दिवशी खूप बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि मीठ मागितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आमच्या दारातच कोसळला. मी आणि माझा नवरा त्याला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, अगदी तरुण. तिनं पहिल्यांदा त्याचा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. तळहात उघडून रेषा बघितल्या. झोपवून ब्लडप्रेशर घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. मग विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का हो तुम्हाला?"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघतच राहिलो. मला तर त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. दारूचा प्रश्नच तिनं काढला नव्हता.

तपासण्या झाल्या तेव्हा तिनं समजावून सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अंगात बळ राहणं, रक्तदाब राहणं, मीठ टिकणं, हे त्यांच्या रसावर चालतं. ह्याच्या शरीरानंच त्यांना वैरी समजून मारून टाकलं होतं.

"म्हंजे घरच्याच मानसानं?" पैलवानानं विचारलं.

"हो. तसंच म्हणा."

तो रस आता गोळ्यांतून घ्यायचा, जन्मभर, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "ताप आला, उलट्या झाल्या, गोळी पोटात टिकली नाही, तर ताबडतोब इथं आणायचं. इंजेक्शन आणि सलाईन लागेल. झोपला की बरा होईल असं म्हणत बसू नका. जीव जातो ह्यात."

गोळ्या सुरू झाल्या आणि काय सांगू तुम्हाला! गडी पालवला. झोक गेला, भूक आली, चार भाकरी हाणायला लागला. मला म्हणायचा, "वैनी, एवढीशी गोळी आन एवढा मोटा पैलवान!" गावी जाऊन लेकीला घेऊन आला, तिला सगळा बाजार फिरवून दाखवला. खानावळीत आणून म्हणाला, "ह्या तुज्या काकी. ह्यांच्यामुळं बाप हाय तुला." मी भाकरी थापायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आणि टोळी काय म्हणाली? "बघा, शपथेचा गुन!" मुकादम चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, देवानं तारलं गड्याला. पैलवानानं ग्रंथींचं सांगून पाहिलं, मीही सांगितलं. मुकादम हसला. "त्या दारू सोडायच्याच गोळ्या असत्यात, वैनी. सरळ सांगाय लाजतोय." पुढं तर कुणाला शपथ द्यायची असली की ह्याला नमुना म्हणून देवळात उभा करायचे. आणि हा जायचा! "जाऊ द्या वैनी, लोकांच्या तोंडाला हात कुटवर लावायचा?"

उन्हाळ्यात बाजारात हगवण-ओकारीची साथ आली. पाणीच खराब होतं, अर्धा बाजार आजारी. एका दुपारी टोळी जेवायला बसली आणि पैलवान दिसला नाही. मी वाढता वाढता विचारलं.

"झोपलाय गोन्यांमागं," मुकादम भाकरी मोडत म्हणाला. "सकाळधरनं ओकतोय, झोकांड्या जात्यात. मोडली त्यानं शपथ. देवाचा गुन्हेगार हाय, म्या सांगितलंय कुनी हात लावायचा न्हाय. उतरली की उटंल."

हातातला डाव तिथंच टाकून मी धावत सुटले.

बटाट्याच्या थप्पीमागं तो कुशीवर पडला होता. अंग गार, घामानं भिजलेलं, ओठ सुकलेले. चार पावलांवर माणसं ये-जा करत होती. मी डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. पाणी मागितलं नाही. दवाखान्यात न्या म्हणाला नाही.

"वैनी, तोंडाचा वास घ्या. म्या पिल्यालो न्हाय."

मी वाकून घेतला. ओकारीचा आंबूस वास होता. "नाही प्यायलात भावजी. मला ठाऊक आहे." त्यावर त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले.

हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षानं इस्पितळात. त्याच बाईनं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, धडपड धडपड धडपडली. "सकाळी का नाही आणलं?" एवढंच विचारलं तिनं मला. संध्याकाळी तो गेला.

शोकसभा त्याच देवळापुढं झाली. मुकादमाचे डोळे खरोखर भरून आले होते. "लाखात एक गडी, बाटलीनं खाल्ला. पोरांनो, बोध घ्या," म्हणाला. पुढच्या ओळीत पैलवानाची बायको बसली होती, मांडीवर लेक. नवरा दारूनं मेला हे ती माणसांसमोर पदरात तोंड घालून ऐकत होती.

मी उठले. बाईमाणसानं तिथं बोलायची रीत नव्हती, गेली चुलीत. ग्रंथी, गोळ्या, इंजेक्शन, सगळं ओरडून सांगितलं. "सकाळी उचलला असता तर आज जेवायला आला असता," म्हटलं. "सकाळपासून पडला होता. तुमच्यातल्या एकानं तरी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला का? एकानं?"

माना खाली गेल्या. मुकादमाची गेली नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, अगदी मनापासून गोंधळलेला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "पर वैनी, पीत नव्हता, तर मंग शपथ कशापायी घेतली त्यानं?"

दुसऱ्या दिवशी टोळी नेहमीच्या वेळेला जेवायला आली. मी दारात उभी राहिले, आणि एकालाही आत येऊ दिलं नाही.