जाऊबाईंच्या नावाचे पेढे

थोरल्या जाऊबाईंना रोज सकाळी उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती! पण मी नवी सून, आपल्याला सगळं कळतं याची खात्री असलेली. बातमी फोडायचा मान मला हवा होता. डोकं दुखतं म्हणाल्या तर मी डोळे मिचकावले, हातातून पेला निसटला तर लिंबूसरबत करून दिलं. त्यांच्या मेंदूत गाठ होती. ज्या गल्लीनं पेढे खाल्ले, तीच पुढे त्यांच्या तेराव्याला जेवली. त्या वेळची मी आज भेटले, तर तिचा कान पिळीन. ती अर्थातच उलट बोलेल.

हे आठवायचं कारण माझी नात. मुक्ता डॉक्टर आहे. मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या कर्करोगानं वर्धा जिल्ह्यात किती माणसं जातात, ते ती घरोघरी विचारत फिरते. दवाखान्याच्या कागदावर निदान आलं तर माणूस मोजला जातो. बाकीचे गावाच्या तोंडी झटक्यानं, वाऱ्यानं नाहीतर बाहेरच्या बाधेनं जातात. मी पुण्याहून तिच्याकडे राहायला गेले, तर म्हणाली, "आजी, तू नुसती सोबत बस. तुला पाहून बाया बोलतात." नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

पहिल्या दिवशी पवनार. एका शेतकऱ्यानं भावाचं सांगितलं: जेवता जेवता हात वाकडा व्हायचा, मग झटके. देवऋष्याकडे नेलं, दवाखान्यात नाही. मुक्तानं बरंच विचारलं, पण गाठ होती की आणखी काही, ते आता कोण सांगणार? परतताना धाम नदीत पाय बुडवायचा मला मोह झाला आणि माझी एक चप्पल पुढे निघून गेली. बसमध्ये मी एका पायात चप्पल घालून बसले. मुक्ता शेजारी ओळख नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी नव्या चपला घालून कारंजा. हायवेवर ट्रकांची रांग आणि ढाब्यावर तर्री-पोहे (वर लाल रस्सा ओतलेले). इतके तिखट की माझी उचकी गावात शिरेपर्यंत थांबली नाही.

घर संत्र्याच्या बगीच्याला लागून होतं. घरातली सून, वंदना, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. नवरा शाळेत मास्तर. दोन वर्षांपूर्वी गेला. विचारायच्या आधीच सासूनं सांगून टाकलं, "दारूनं गेला माहा पोरगा. सारं गाव हासे." मुक्तानं हळूहळू विचारलं. चालताना झोक जायचा? हो. जीभ जड? हो. सकाळी उलट्या? हो. उत्तरं सगळी सासूच देत होती. वंदना शेंगांतून मान वर करेना.

मला तिची ती खाली मान सोसेना. मी जाऊबाईंच्या पेढ्यांची गोष्ट सुरू केली. मुक्तानं डोळे वटारले. कॉलेजातल्या मुलीपाशी आले तशी वंदना फिसकन हसली, आणि गाठीपाशी आल्यावर तिचे हात थांबले.

"आई, ते दारू पेत नोहते," ती म्हणाली. "नागपूरच्या डॉक्टरनं शेवटच्या दिशी मले तोंडीच सांगतलं होतं. डोक्यात गाठ होती."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

वंदना पुन्हा शेंगा सोलायला लागली. म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. मग काठी घेऊन उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारणीला हाक मारली. "सुमन वं, माहा पोरगा बेवडा नोहता. त्याच्या डोक्यात गाठ होती." तिथून पुढच्या कुंपणाकडे. तिकडेही तेच, आणखी मोठ्यानं.

निघताना वंदनानं पिशवीभर संत्री दिली आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. मुक्ता बस बघायला पुढे गेली होती.

परतीच्या बसमध्ये मुक्ता म्हणाली, हे मास्तर आता मोजले जातील. तुझ्या जाऊबाईंच्या वेळी कुणी मोजतच नव्हतं, त्या मात्र कुठेच नसतील. मी संत्रं सोलत राहिले. तिच्या बोलण्यात सारखं 'रोगाचा भार' येतं. मला वाटायचं, भार म्हणजे गेलेल्यांची संख्या. पण गेलेले तर मोकळे झाले. पेढ्यांचा तो खोका मी अजून वागवते आहे, आणि गंमत म्हणून सांगत सुटते, म्हणजे जरा हलका लागतो.

वंदनाला फाट्यावर मी एकच विचारलं होतं, सासूला इतके दिवस का सांगितलं नाही? ती येणाऱ्या ट्रककडे बघत म्हणाली,

"तुमी तं पेढे वाटले, आजी. ते अंगणात झोकांड्या खाऊन राह्यले होते, अन् मी आतून कडी लावली."